पहिल्यांदाच प्रायमरीत मत द्यायचंय आणि माझ्या बॅलटवर अध्यक्षपदाचं कुणीच नाहीये!

मुपो_सनीवेल | २३ फेब्रुवारी २०२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या ऑक्टोबरात सिटिझनशिपची शपथ घेतली. हॉलच्या बाहेरच टेबल मांडून बसलेल्या बायका होत्या, त्यांनी तिथल्या तिथे मतदार नोंदणीचा फॉर्म भरून घेतला. पक्ष कुठला विचारलं तेव्हा मी म्हटलं उगाच कपाळावर शिक्का कशाला, 'नो पार्टी प्रेफरन्स'वर खूण केली. आता घरी बॅलट आलंय तर त्यात जज आहेत, शाळेचा बाँड आहे, कसले कसले मेझर आहेत, पण अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून एकही नाव नाही. ३ मार्चला प्रायमरी, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचं मतदान. हे असंच असतं की माझंच पाकीट चुकलंय?

दुसरा प्रश्न जास्त अवघड. मत द्यायचं कुणाला? मुलगी १६ वर्षांची आहे, तिला मत नाही पण मतं भरपूर, तिच्या खोलीच्या दारावर बर्नी सँडर्सचा फोटो. काल नेव्हाडा जिंकल्यावर तर घरात दिवाळी. नवरा म्हणतो बायडन, कारण ट्रम्पला तोच हरवेल, पण हे तो ज्या आवाजात म्हणतो ना त्या आवाजात माणूस फक्त 'दोडका खा, पोटाला बरा' म्हणतो. ऑफिसातले सगळे पीट पीट करतात. यूट्यूब उघडलं की ब्लूमबर्गची जाहिरात, बंद केलं की ब्लूमबर्ग. मला मनापासून विचाराल तर एलिझाबेथ वॉरन आवडते, बाई अभ्यास करून येते आणि परवा लास व्हेगसच्या डिबेटमध्ये तिने ब्लूमबर्गची जी काय धुलाई केली ती मी दोनदा बघितली. पण हे बोलले की समोरचा लगेच म्हणतो, हो गं, मलाही आवडते, पण लोक बाईला मत देणार नाहीत. हे 'लोक' म्हणजे नक्की कोण ते कुणी सांगत नाही.

सांगलीत मी दोनदा मत दिलंय, दोन्ही वेळा बाबांनी सांगितलं त्याला :) त्यामुळे स्वतः ठरवायची ही पहिलीच वेळ म्हणा.

---

अर्धाकप | २३ फेब्रुवारी २०२०

पाकीट बरोबर आहे, चूक त्या खुणेची. कॅलिफोर्नियात पक्ष न लिहिणाऱ्याला अध्यक्षपदाचा भाग कोरा येतो, तो मागून घ्यावा लागतो. डेमोक्रॅटिक पक्ष तुमच्यासारख्यांना मत देऊ देतो पण तुम्ही त्यांचं क्रॉसओव्हर बॅलट मागितलं तरच. रिपब्लिकन पक्ष देत नाही, तिथे मत द्यायचं तर त्या पक्षातच नाव नोंदवावं लागेल. सँटा क्लारा काउंटीत कालपासून व्होट सेंटर उघडलीत, हे आलेलं बॅलट घेऊन जा, ते परत घेऊन दुसरं देतील, दहा मिनिटांचं काम. आणि जमलं तर या आठवड्यातच जा, शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहू नका.

आणखी एक, तुम्ही निदान 'नो पार्टी' तरी लिहिलंत. माझ्या एका मित्राने आपण इंडिपेंडंट आहोत म्हणून फॉर्मवर 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी'वर खूण केली. तो एक खराखुरा पक्ष आहे, कट्टर उजव्यांचा, १९६८ मध्ये वंशभेदवाल्या जॉर्ज वॉलेसला यांनीच उभं केलं होतं. बिचारा मित्र समजत होता आपण तटस्थ.

कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी माझं सांगतो, पीट बुटिजेज. ३८ वर्षांचा, अफगाणिस्तानात जाऊन आलेला, शांतपणे बोलतो, ओरडत नाही. बाकी बरीचशी सत्तरीपुढची मंडळी, बायडन ७७, बर्नी ७८ आणि ऑक्टोबरात हार्ट अटॅक येऊन गेलेला, ब्लूमबर्गपण ७८, आपल्याकडे या वयात वानप्रस्थ संपून पुढचा आश्रम लागतो. मी गुरुवारीच बॅलट पोस्टात टाकून मोकळा झालो.

---

प्लेनोकर | २३ फेब्रुवारी २०२०

बर्नीलाच द्या ताई, आम्ही तुमचे आभारी राहू. म्हणजे नोव्हेंबरात ट्रम्पतात्यांना प्रचारालाही जायला नको. स्वतःला सोशालिस्ट म्हणवणारा माणूस, आज तर टीव्हीवर क्युबाच्या साक्षरतेचं कौतुक करून बसला, क्युबातून पळून आलेल्यांचं फ्लोरिडा तिथेच गेलं म्हणायचं. उद्या सकाळी बघा अहमदाबादला मोटेरा स्टेडियमवर तात्यांसाठी काय गर्दी होते ते. मी ह्यूस्टनला हाउडी मोदीला होतो, तो उत्साह बघितलाय, असला उत्साह तुमच्या सगळ्या उमेदवारांच्या सभा एकत्र केल्या तरी दिसायचा नाही. बर्नी काश्मीरवर काय बोलला तेही बघा एकदा.

बाय द वे टेक्सासात पक्षाची नोंदणीच नसते. कुठल्याही प्रायमरीला जा, फक्त दोन्हीकडे जाता येत नाही. यावेळी आमच्याकडे ट्रम्पला तसं कुणी आव्हान नाही, त्यामुळे मी म्हणतोय डेमोक्रॅटिकच्या रांगेत उभं राहून बर्नीला एक मत टाकून यावं, घरच्या कार्याला हातभार!

---

अर्धाकप | २४ फेब्रुवारी २०२०

@प्लेनोकर, २०१६ मध्ये आमच्या ऑफिसातले डेमोक्रॅट पण असंच म्हणत होते, ट्रम्प उभा राहू दे, हिलरीला सोपं जाईल. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

---

बंड्या_एडिसन | २४ फेब्रुवारी २०२०

हाय. मी न्यू जर्सीला वाढलो, मराठी टाइप करायला आईने कीबोर्ड लावून दिला, चुका झाल्या तर सॉरी. मावशी तुमच्या मुलीला माझा हाय सांगा, ती बरोबर आहे.

मी २२चा आहे. या महिन्यात न्यू हॅम्पशरला गेलो होतो बर्नीसाठी दारं वाजवायला, चार मित्र, एक गाडी, कुणाच्यातरी बेसमेंटमध्ये झोपलो. इतकी थंडी होती की फोन बंद पडायचा. लोकांना वाटतं आम्ही फक्त ट्विटरवर भांडतो. मी तीन दिवसांत किती दारं वाजवली मोजलं नाही पण हाताची बोटं सुजली. आपल्या कॅम्पेनला मोठे डोनर नाहीत, सरासरी १८ डॉलर देतात लोक. माझ्या डोक्यावर कॉलेजचं लोन आहे, माझ्या रूममेटचा आईवडिलांच्या पॉलिसीवरचा इन्शुरन्स २६ झाल्यावर जाणार. आमच्यासाठी हे सोशालिझम वगैरे नाही, बिल आहे.

पण एक गोष्ट खरी सांगतो. नॅशुआमध्ये एक आजी होत्या, त्यांनी आत बोलावलं, कोको दिला, माझं सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, तो बोलतो ते सगळं बरोबर आहे, म्हणून तर मला भीती वाटते. मला तेव्हा राग आला. कोको पिऊन झाला होता म्हणून बोललो नाही. मग त्या म्हणाल्या त्या एमी क्लोबुशारला मत देणार, कारण शेजारीण देणार आहे.

आणि आमचं न्यू जर्सी जूनमध्ये आहे. तोपर्यंत सगळं संपलेलं असतं. मी दुसऱ्याच्या राज्यात दारं वाजवतो कारण माझ्या दाराला कुणी येत नाही.

---

मुपो_सनीवेल | २४ फेब्रुवारी २०२०

अर्धाकप, खूप खूप धन्यवाद, जाते या आठवड्यात. बंड्या, अरे किती गोड लिहिलंयस, लेकीला वाचून दाखवलं. तिने विचारलंय की आमचे खासदार रो खन्ना बर्नीच्या कॅम्पेनचे को-चेअर आहेत हे मला माहीत आहे का. माहीत आहे बाई, तू रोज सांगतेस.

पण मला इन्शुरन्सचं खरंच कळत नाही. नवऱ्याच्या कंपनीचा चांगला आहे. बर्नी म्हणतो तसं तो काढून सगळ्यांना सरकारी, हे ऐकलं की पोटात गोळा येतो. यात स्वार्थ आहे हे कळतं, तरी येतो.

---

आयोवाचा_अण्णा | २५ फेब्रुवारी २०२०

गोळा येणं साहजिक आहे. नेव्हाडात कॅसिनोत काम करणाऱ्यांची मोठी युनियन आहे, कलिनरी युनियन, त्यांनी भांडून भांडून चांगला हेल्थ प्लॅन मिळवलाय आणि त्यांच्या नेत्यांनी बर्नीच्या योजनेविरुद्ध पत्रकं काढली होती. शनिवारी त्याच कॅसिनोंमध्ये कॉकस (जमून, उभं राहून मत द्यायच्या सभा) झाले आणि खोल्या आवरणाऱ्या बायका, स्वयंपाकी, बरेच जण बर्नीच्या कोपऱ्यात जाऊन उभे. नेत्याचं एक आणि पोरांचं एक. घरातलं कोण इन्शुरन्सशिवाय आहे हे त्या बाईला युनियनपेक्षा जास्त माहीत असणार.

आता जरा आमच्याकडचं सांगतो, कारण मत कसं ठरतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या आयोवात मत पेटीत टाकत नाहीत, मतासाठी उभं राहतात, अक्षरशः. ३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७, एम्समधल्या एका शाळेची जिम. बास्केटबॉलच्या कोर्टवर प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा. आमच्या प्रिसिंक्टला (मतदान विभागाला) ४१२ डोकी मोजली, त्याच्या १५ टक्के म्हणजे ६२, तेवढी ज्याच्या कोपऱ्यात नाहीत तो बाद, त्याच्या माणसांनी दुसऱ्याकडे जायचं किंवा घरी. गुप्त मतदान वगैरे काही नाही. तुमचा डेंटिस्ट बघतो, तुमच्या मुलाची टीचर बघते. आमच्या ओळखीचं एक मराठी जोडपं आहे, तो वॉरनकडे गेला, ती पीटकडे. नंतर भेटला तेव्हा म्हणाला, गाडीत हीटर चालू होता तरी गारठा होता.

मी बायडनच्या कोपऱ्यात. फार प्रेमाने नाही, ओबामाच्या पुण्याईने म्हणा. आमच्या कोपऱ्याची खूण सांगतो, खुर्च्या सगळ्यात आधी आमच्याकडे संपल्या. पलीकडे बर्नीची पोरं, युनिव्हर्सिटीची, ढोल नव्हता एवढंच. आम्ही ४१ भरलो. बाद. एवढा मोठा उपाध्यक्ष आणि आमची अवस्था म्हणजे लग्नात दुसऱ्या पंगतीला पण जागा नाही. मग सुरू झाली खरी गंमत. क्लोबुशारच्या कोपऱ्यात ५७ होते, पाच माणसं कमी. त्यांची एक बाई बिस्किटांचा डबा घेऊन आमच्याकडे आली. पीटचा एक मुलगा आला, इतकं गोड बोलला की माझी खात्री पटली हा एलआयसी विकू शकेल. वॉरनवाले घड्या घातलेले कागद घेऊन आले, प्रत्येक प्रश्नाला एक कागद.

आता लक्षात घ्या, त्या वीस मिनिटांत मला कुणीही सांगितलं नाही की माझा उमेदवार अमुक करेल म्हणून ये. सगळे एकच सांगत होते, ट्रम्पला हाच हरवेल, हीच हरवेल. क्लोबुशारबाई मिडवेस्टातल्या म्हणून, पीट तरुण म्हणून, बर्नी नवे मतदार आणेल म्हणून. आम्ही सगळे मिळून पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्यातरी एका अनोळखी माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळखत होतो. तो माणूस स्वतः त्या वेळी घरी टीव्ही बघत असेल. मी शेवटी क्लोबुशारकडे गेलो, बिस्किटं चांगली होती आणि गुडघे दुखत होते.

पुढचं जगजाहीर आहे. निकाल कळवायचं ऍप बसलं, फोन लाइन जाम, पहिले आकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पीटने त्या रात्रीच विजयाचं भाषण ठोकलं. शेवटी डोकी बर्नीकडे जास्त आणि डेलिगेट (पुढे उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) पीटकडे जास्त असा निकाल लागला, म्हणजे दोघांनी पेढे वाटले. पक्षाच्या राज्यातल्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. वर्षभर सगळे उमेदवार आमच्याकडे येऊन कणसं खात होते, त्याची ही सांगता.

मुपो, तुमचं बॅलट निदान कागदाचं आहे आणि तुम्ही ते बसून भरू शकता. कदर करा.

---

पेठेतला_प्रेक्षक | २५ फेब्रुवारी २०२०

पुण्यातून वाचतोय. तुमचं सगळं मनोरंजक आहे पण आम्हाला एक कळत नाही, एका पक्षाचा उमेदवार ठरवायला वर्षभर आपापसात जाहीर चिखलफेक करायची आणि मग त्यातल्याच एकाच्या मागे एकदिलाने उभं राहायचं, हे जमतं कसं? आमच्याकडे सोपं आहे, दिल्लीहून यादी येते. ज्याचं नाव नसतं तो त्याच रात्री पक्ष बदलतो आणि सकाळी दुसऱ्या यादीत असतो. वेळ वाचतो.

---

आयोवाचा_अण्णा | २५ फेब्रुवारी २०२०

जमत नाही हो. २०१६ ला जमलं नव्हतं, म्हणून तर या वेळी सगळे घाबरलेत. तेव्हा पक्षाच्या नेत्यांची जी मतं असतात, सुपरडेलिगेट, ती जवळपास सगळी आधीच हिलरीबाईंच्या पदरात होती आणि बर्नीची पोरं म्हणाली सामना फिक्स आहे. नंतर नियम बदलले, आता त्यांना पहिल्या फेरीत मत नाही. म्हणजे तुमची दिल्लीची यादी आमच्याकडे पण होती, थोडी लाजत यायची एवढंच.

---

काकडी_कोशिंबीर | २७ फेब्रुवारी २०२०

साउथ कॅरोलायनाहून. इथे कुणी आमच्याकडचं लिहिलंच नाही म्हणून लिहिते, आमचं मतदान शनिवारी आहे.

मी हॉस्पिटलमध्ये फार्मसीत आहे. माझ्या शिफ्टला बहुतेक सगळ्या काळ्या बायका, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, चर्चला जाणाऱ्या, मत कधीही न चुकवणाऱ्या. इथल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत अर्ध्याहून जास्त मतदार काळे असतात, आयोवा आणि न्यू हॅम्पशरमध्ये जवळपास नसतातच, तरी महिनाभर टीव्हीवर त्या दोन गोऱ्या राज्यांवरूनच ठरवतायत कोण संपला आणि कोण उरला. बायडन न्यू हॅम्पशरला पाचवा आला आणि निकाल लागायच्या आधीच तिथून निघून आमच्याकडे आला, तेव्हा आमच्या ब्रेकरूममध्ये एक जण म्हणाली, आला का घरी.

मी त्यांना विचारलं की तुम्हाला बायडन आवडतो का. हसल्या. एकीने जे सांगितलं ते मी तसंच सांगते: आवडायचं काय त्यात, आमच्या आवडीच्या माणसाला निवडून यायला काय लागतं ते आम्हाला माहीत आहे. कमला हॅरिस तिला आवडायची, ती डिसेंबरातच बाहेर पडली. आता आम्ही हे बघतोय की गोरे लोक ट्रम्प सोडून कुणाला मत देऊ शकतील, आणि त्यांचं आम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे, आयुष्य गेलंय बघण्यात. एवढं बोलून ती इन्सुलिनच्या ट्रे मोजायला लागली.

त्यामुळे उत्साह नाही म्हणजे मतदान नाही असं कुणी समजू नका. इथे कुणी टीशर्ट घालत नाही, कुणाच्या गाडीला स्टिकर नाही. आणि काल क्लायबर्न बोलले. जिम क्लायबर्न म्हणजे इथले खासदार, यांच्या शब्दाला आमच्याकडे जे वजन आहे ते टीव्हीवाल्यांना कळणार नाही. त्यांनी सांगितलं, आम्ही जो बायडनला ओळखतो आणि मुख्य म्हणजे जो बायडन आम्हाला ओळखतो. काम झालं.

बंड्या, बाळा, तुझ्या बर्नीबद्दल त्या वाईट बोलत नाहीत. 'क्रांती' शब्दाला मात्र बिचकतात. त्यांच्याकडे मोडतोड झाली की आधी त्यांचीच घरं मोडतात.

---

बंड्या_एडिसन | २७ फेब्रुवारी २०२०

हे मी तीनदा वाचलं. उत्तर नाही माझ्याकडे. पण मावशी, मग नवीन काही कधीच येणार नाही ना? सगळे सगळ्यांना घाबरून तेच निवडणार.

---

काकडी_कोशिंबीर | १ मार्च २०२०

बायडन ४८ टक्क्यांच्या वर. राज्यातल्या ४६ च्या ४६ काउंट्या. १९८८ ला उभा होता, २००८ ला उभा होता, आणि आयुष्यात पहिली प्रायमरी काल जिंकला. ब्रेकरूममध्ये केक आलाय, कुणी आणला ते कळलं नाही, सगळ्या म्हणतात मी नाही.

---

अर्धाकप | १ मार्च २०२०

पीट बाहेर. आत्ता साउथ बेंडमध्ये भाषण झालं.

माझं मत पोस्टात आहे. म्हणजे पोस्टात पण नाही, मोजणीच्या टेबलावर असेल. एकदा पाठवलं की परत मागता येत नाही. मी सगळ्यांना सांगत फिरत होतो लवकर पाठवा, लवकर पाठवा. बायको काही बोलली नाहीये, फक्त चहा ठेवलान आणि कप पूर्ण भरून दिलान. दुःख कळलंय तिला.

---

प्लेनोकर | २ मार्च २०२०

हा हा, सॉरी, हसू नये पण हसतोय. आमच्या डॅलसमध्ये आज रात्री अख्खी वरात आलीय. तुमचा पीट, ती क्लोबुशार (ती पण आज बाहेर), आणि आमचा टेक्सासचा नेता बीटो ओरूर्क, तिघांनी एका दिवसात बायडनला पाठिंबा दिला. नंतर बीटो त्याला व्हॉटाबर्गरला घेऊन गेला म्हणे. शनिवारपर्यंत ज्या माणसाला कुणी चहाला विचारत नव्हतं त्याला सोमवारी बर्गर.

आणि खरं सांगू का, मला हे आवडलेलं नाहीये. बर्नी परवडला असता आम्हाला.

---

आयोवाचा_अण्णा | २ मार्च २०२०

अर्धाकप, बिस्किटं खाल्लेली क्लोबुशारबाई पण गेल्या. म्हणजे मी पहिला कोपरा सोडला तो उठून उभा राहिला आणि ज्या कोपऱ्यात गेलो तो बसला. तुम्ही एकटे नाही.

---

मुपो_सनीवेल | ३ मार्च २०२०

अर्धाकप, मला तुमचं वाईट वाटतंय पण तुमच्या सल्ल्यातला फक्त अर्धाच मी ऐकला ते बरं झालं. आठवडाभर 'उद्या जाते' करत आज शेवटच्या दिवशी गेले, दीड तास रांग. लेक बरोबर आली होती, तिला रांग म्हणजे जत्रा. जुनं बॅलट दिलं, क्रॉसओव्हर मागितलं, मिळालं. त्यावर पीटचं नाव होतं, क्लोबुशारचं होतं, कमला हॅरिसचं मात्र नव्हतं, जे गेले त्यांची नावं छापलेली आणि जे आहेत त्यांचीही, सगळे एकाच मापाच्या अक्षरात.

रांगेत माझ्या पुढे एक पंजाबी आजोबा होते, मागे एक तरुण चिनी मुलगी. आजोबा म्हणाले बायडनला देणार कारण मुलगा म्हणतो. मुलगी म्हणाली बायडनला देणार पण मनात वॉरन आहे. मी म्हटलं, माझ्या पण. ती म्हणाली, मग तुम्ही कुणाला? मी म्हटलं बघते.

आत गेल्यावर पेन हातात घेतलं तेव्हा काकडी_कोशिंबीर यांच्या त्या मैत्रिणीची आठवण झाली, तिचं चुकलं असं मला मुळीच वाटत नाही, तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. पण मी तिच्या जागी नाही ना. मी कॅलिफोर्नियात आहे, नोव्हेंबरात इथे डेमोक्रॅटच जिंकणार हे शेंबड्या पोराला कळतं, मग पेनसिल्व्हेनियातल्या माणसाचा अंदाज मी कशाला करत बसू, आणि बाबांनी सांगितलेलं मत दोनदा देऊन झालंय. वॉरनला दिलं. बाहेर आल्यावर लेकीने तोंड पाडलं, मग स्टिकर मागितला. तिला दिला.

---

बंड्या_एडिसन | ४ मार्च २०२०

बायडन १० राज्यं. आम्ही चार, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, युटा, व्हरमॉन्ट. टेक्सास पण गेलं. मिनेसोटात तर तो प्रचाराला गेला पण नव्हता आणि जिंकला. आम्ही महिने महिने दारं वाजवली आणि तो न येता जिंकतो हे मला पचत नाहीये.

आणि बर्नीने आज स्वतः सांगितलं की तरुण लोक जितके यायला पाहिजे होते तितके आले नाहीत. मी माझ्या ग्रुपवर विचारलं सुपर ट्यूजडेवाल्या (काल एकदम मतदान झालेल्या) राज्यांत कुणी कुणी मत दिलं. अकरांपैकी सहा. एक म्हणाला क्लास होता. ह्यूस्टनला टेक्सास सदर्न युनिव्हर्सिटीत लोक मध्यरात्रीनंतर पण रांगेत होते, आणि याला क्लास होता.

काकडी मावशी, तुमच्या मैत्रिणींना काँग्रॅट्स सांगा. मनापासून नाही अजून, पण सांगा.

---

काकडी_कोशिंबीर | ४ मार्च २०२०

सांगितलं. त्यातली एक म्हणाली त्या मुलाला सांग नोव्हेंबरात क्लास ठेवू नको. केकचा तुकडा ठेवला होता, पण तू एडिसनला.

---

पेठेतला_प्रेक्षक | ५ मार्च २०२०

ब्लूमबर्गपण काल गेले म्हणे, ५० कोटी डॉलरच्या वर जाहिराती करून एक अमेरिकन समोआ जिंकलं. आमच्याकडे एवढ्या पैशात... जाऊ दे, धागा उडेल.

---

अर्धाकप | ५ मार्च २०२०

@मुपो_सनीवेल, बातमी बघितलीत का?

---

मुपो_सनीवेल | ५ मार्च २०२०

बघितली. वॉरन बाहेर. स्वतःच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तिसरी आली बाई, आणि आमच्याकडे १५ टक्क्यांच्या खालीच दिसतेय. दोन दिवस टिकलं माझं मत. तुमचं किती टिकलं होतं, दहा?

सरका जरा बाकावर. आणि वहिनींना सांगा, चहा दोन कप.